दोन रवळू आणि एक रकाना

बेळगावच्या खासबागेत आमचं ऑफिस आहे. खाली माग, वर आम्ही. दिवसभर खालून खडखडाट येत राहतो, त्यामुळे वर कोणी काम करत असो वा नसो, काम चालल्याचा आवाज मात्र कायम असतो. ऋग्वेद सरांनी जागा त्यासाठीच घेतली असावी असा माझा संशय आहे.

ऋग्वेद सर म्हणजे टिळकवाडीतल्या हरिभाऊ वकिलांचे चिरंजीव. पुण्यात काही वर्षं मोठ्या कंपनीत होते. तिथून आले ते 'आपल्या बेळगावला काहीतरी परत द्यायचंय' असं म्हणत. काय परत दिलं ते अजून कळलेलं नाही, पण 'वेदांग टेक' अशी पाटी लागली, आणि मी, निपाणीची समता, बीसीए होऊन तिथं प्रोबेशनवर लागले. सरांनी पहिल्याच दिवशी सांगून टाकलं होतं की एक वेबसाइट एकटीनं उभी करून दाखवलीस तर कायम, नाहीतर नमस्कार. नमस्कार म्हणजे निपाणीला परत. आणि निपाणीत माझी आई, जयाबाई, स्थळांचे फोटो उशाशी घेऊन बसलेली. तिचंही म्हणणं सरांसारखंच होतं: नोकरी पक्की झाली तर थांबते, नाहीतर मुकाट्यानं बघायला बसायचं. तेव्हा मला कायम व्हायचं होतं, आणि पुढं जे झालं ते सगळं त्यातून झालं.

सरांनी मला काकतीच्या मंगल कार्यालयाची साइट दिली. हे कार्यालय मला चांगलं माहीत होतं, कारण दर शनिवारी निपाणीला जाताना एसटीच्या खिडकीतून ते दिसतं. हायवेला लागून दोन कमानी आहेत. दोन्हींवर एकच नाव आहे, 'कै. रवळू सुळगेकर मंगल कार्यालय', आणि दोन्हींच्या मधून एक भिंत गेली आहे. मला वाटायचं की एका कमानीतून आत जायचं आणि दुसरीतून बाहेर यायचं.

खरी गोष्ट अशी की म्हातारे रवळू सुळगेकर गेले आणि वर्षाच्या आत दोन्ही मुलांनी वाटण्या केल्या. चढाकडचा वरचा हॉल थोरल्या भावकूआप्पांना, उताराकडचा खालचा धाकट्या ज्योतिबाअण्णांना. मधे भिंत घातली. भटारखाना तेवढा वाटता आला नाही, कारण बोअरचं पाणी तिथंच. आणि नाव वाटता आलं नाही, म्हणून दोघांनी अख्खंच घेतलं. बापाचं नाव कोण सोडणार?

एवढ्यावर भागलं असतं तरी ठीक होतं. पण आमच्या भागात आजोबा गेले की पुढं जन्मणाऱ्या पहिल्या नातवाला त्यांचं नाव ठेवतात. इथं दोन्ही घरांत पाळणा हलला, दोन्हीकडे मुलगाच झाला आणि दोन्ही घरांनी रवळूच ठेवलं. एकाच आळीत, एकाच आडनावाचे, एका वयाचे दोन रवळू. गावाला याचा काही त्रास झाला नाही. गावानं एकाला 'थोरल्यांचा रवळू' केलं, दुसऱ्याला 'धाकट्यांचा रवळू' केलं आणि विषय मिटवला. शाळेनं हजेरीत बापाचं नाव जोडलं. अडाणी म्हणून ज्यांना नावं ठेवतात त्या लोकांनी हा प्रश्न बसल्या जागी सोडवला होता, पण ते दोघं रवळू पुढं कॉम्प्युटर शिकले.

दोघंही बेळगावात एकाच क्लासला गेले. एकाच मास्तरांनी दोघांना एकच प्रोजेक्ट दिलं, आणि दोघांनीही आपापल्या हॉलच्या तारखा दाखवणारी जावास्क्रिप्टची लायब्ररी लिहिली. लायब्ररी म्हटलं की माझ्या आईला पुस्तकांची कपाटं दिसतात, म्हणून सांगते: ही एक फाइल असते, तिच्यात तयार कामं भरून ठेवलेली असतात. तारखा दाखव, किती पानं वाढायची ते विचार, बुकिंग लिहून घे. त्या सगळ्या कामांना मिळून एक नाव द्यावं लागतं, त्या नावानं हाक मारली की ती कामं होतात. पहिल्यांदा स्वतःच्या हातानं काही घडवलं की माणसाला त्यावर आपलंच नाव घालावंसं वाटतं. दोन्ही पोरांनी आपल्या लायब्ररीला 'रवळू' असं नाव दिलं.

साइट करायची वेळ का आली तेही सांगायला हवं. मागच्या सिझनला एका लग्नाची वरात दुसऱ्याच लग्नाच्या मांडवात शिरली आणि पहिली पंगत उठेपर्यंत कुणाच्या लक्षात आलं नाही. जिलेबी संपल्यावर लक्षात आलं. मग दोघा भावांनी मधल्या माणसाकरवी निरोपानिरोपी केली आणि दोन्ही हॉलची मिळून एक साइट करायचं ठरलं. अट एकच, दोघांचीही एकच: आमच्या पोरानं केलंय तेच लावायचं, एक अक्षर बदलायचं नाही. सरांनी दोन्ही फाइली माझ्याकडे सरकवल्या आणि म्हणाले, फार काही नाही, नुसतं जोडायचंय.

मी जोडलं. साइटवर दोन बटणं होती, 'वरचा हॉल' आणि 'खालचा हॉल'. कुठलंही दाबलं तरी खालच्या हॉलच्याच तारखा उघडत होत्या. ब्राउझर आपल्या तक्रारी एका खिडकीत लिहून ठेवतो, तिला कन्सोल म्हणतात. तिथं एक लाल ओळ होती. तिचा अर्थ एवढाच की रवळूकडे 'पंगत' नावाचं फंक्शन, म्हणजे तयार काम, नाही. आता थोरल्यांच्या रवळूनं लिहिलेलं ते 'पंगत' मी फाइल उघडून डोळ्यांनी पाहत होते, आणि ब्राउझर म्हणत होता की नाही.

नवशिक्या माणसाला चूक कुठं आहे ते कळत नसलं की तो जिथं चूक नाही तिथं सगळीकडे दुरुस्ती करतो. मी कॅलेंडरची जुनी आवृत्ती आणली, मग नवी आणली, मग परत जुनी आणली. ब्राउझर बदलला. लाल ओळ जशीच्या तशी गूगलमध्ये टाकली आणि कुठल्या तरी परदेशी माणसानं कधीकाळी दिलेलं उत्तर उचलून घातलं, तर होत्या त्या तारखाही गेल्या. चॅटबॉटला विचारलं. त्यानं आधी माझ्या प्रश्नाचं कौतुक केलं, मग सगळी फाइल नव्यानं लिहून दिली, ती उघडलीच नाही. ते सांगितल्यावर त्यानं माफी मागून परत तीच फाइल दिली.

ऋग्वेद सरांनी मदत केली. ते माझ्या खुर्चीमागे उभे राहिले आणि कॅश, म्हणजे ब्राउझरनं साठवलेलं जुनं, क्लिअर कर म्हणाले. केली. मशीन बंद करून चालू कर म्हणाले. केलं. मग स्क्रीनकडे बराच वेळ बघून, निळा रंग जरा गडद कर, असं म्हणाले. नाचता येईना अंगण वाकडं, हे मी पुस्तकात वाचलं होतं, त्या दिवशी ते माझ्या पाठीमागे उभं राहून कॉफी पीत होतं. जाताना आठवण करून दिली की उद्घाटनाची पत्रिका छापायला गेली आहे आणि मी अजून प्रोबेशनवर आहे.

शेवटी चूक सापडली ती वैतागातून. मी रागानं धाकट्यांची फाइल काढून टाकली, तर थोरल्यांची सुरळीत चालली. 'पंगत'ही चाललं. मग थोरल्यांची काढली आणि धाकट्यांची ठेवली, तर तीही चालली. एकेकटे दोघंही गुणी होते. साइटच्या एका पानावर आणले की बिघडत होतं. मग मी दोन्ही फाइलींच्या पहिल्या ओळी शेजारी शेजारी ठेवल्या, आणि दोन्हीकडे एकच शब्द दिसला. रवळू, रवळू.

जावास्क्रिप्टमध्ये असं उघड्यावर नाव ठेवलं की ते सगळ्या पानाचं होतं. मागून आलेल्या फाइलीनं तेच नाव घेतलं की आधीच्याचं पुसलं जातं. त्यात भांडण होत नाही की आवाज होत नाही. ब्राउझर गावातल्या माणसासारखं 'कुणाचा रवळू?' असं विचारत नाही. जो शेवटी आला तोच रवळू, आधीचा जणू जन्मलाच नव्हता. काही नावं तर ब्राउझरनं स्वतःसाठी आधीच धरून ठेवलेली असतात, टिळकवाडीतल्या मोक्याच्या प्लॉटांसारखी, तिथं आपण गेलो की आपलंच काहीतरी मोडतं. हे क्लासमध्ये कुणी शिकवलं नव्हतं, किंवा शिकवलं असेल आणि मी त्या दिवशी एसटीत असेन. मला इतका आनंद झाला की मी खाली जाऊन मागवाल्यांच्या टपरीवर एकटीच चहा पिऊन आले. नोकरी टिकणार असं मला त्या दिवशी पहिल्यांदा वाटलं.

सरांना सांगितलं तर म्हणाले, सोपं आहे, एकाचं नाव बदल. मी म्हटलं, सर, ते तुम्ही त्यांना सांगा. सर म्हणाले, आपण दोघं जाऊ, तू सांग.

बैठक भटारखान्यात झाली, कारण बाकी सगळीकडे कुणाची ना कुणाची हद्द होती. मोठ्या हंड्यांच्या मधे चार खुर्च्या टाकल्या होत्या. भावकूआप्पा अंगानं आडवे, बोलायला सावकाश. ज्योतिबाअण्णा किडकिडीत, सतत फोन बघणारे. दोघं एकमेकांशी बोलत नव्हते, दोघंही माझ्याशी बोलत होते. मी दोन्ही रवळूंची गोष्ट समजावून सांगितली आणि म्हटलं, गावानं केलं तसंच करू, एकाला थोरलेरवळू म्हणू, दुसऱ्याला धाकटेरवळू.

"माझ्या पोराच्या नावाला शेपूट कशाला?" भावकूआप्पा म्हणाले. "मी थोरला. नाव माझ्याकडं आलं. त्येच्याकडं हाय ती नक्कल."

"म्हातारा गेला माझ्या मांडीवर," ज्योतिबाअण्णा फोनकडे बघत म्हणाले. "नाव तितंच ऱ्हायलं."

मग भावकूआप्पांनी विचारलं की पानावर आधी कुणाची फाइल आहे. मी म्हटलं तुमची. त्यांचा चेहरा खुलला. लग्नपत्रिकेत ज्याचं नाव आधी त्याचा मान, एवढा हिशेब त्यांना पुरेसा होता. मी सांगितलं की आप्पा, इथं उलटं आहे, जो आधी येतो तो पुसला जातो आणि जो शेवटी येतो तो राहतो. त्यांचा विश्वास बसेना. थोरल्याला आधी बोलावून पुसायचं ही कुठली रीत, असं त्यांनी मला विचारलं, जणू जावास्क्रिप्ट माझ्या माहेरची. मी लॅपटॉपवर दाखवलं. मग ते म्हणाले की तसं असेल तर माझी शेवटी घाला. तोवर ज्योतिबाअण्णा आपली फाइल शेवटी म्हणून फुगून बसले होते. शेवटीच खरा फायदा आहे हे कळल्यावर त्यांना ती जागा एकदम आवडली आणि ते ती सोडीनात. त्यावर भावकूआप्पांनी तोड काढली की माझी आधी मानासाठी घाला आणि परत शेवटी कामासाठी घाला. ज्योतिबाअण्णा म्हणाले, मग त्याच्यामागं परत माझी. ऋग्वेद सर प्रत्येक मागणीला 'डन, डन' म्हणत होते.

मी ऑफिसात येऊन खरंच तसं करून बघितलं. एकाच पानावर थोरले, धाकटे, परत थोरले, परत धाकटे. पान उघडायला इतका वेळ लागला की सर मधे फोनवर बोलून आले, आणि उघडलं तेव्हा एका कॅलेंडरवर दुसरं चढून बसलेलं होतं. सरांनी तेही बघितलं आणि क्लायंट खूश असेल तर आपल्याला काय, असं म्हणाले. लग्नाची तारीख चुकून दोघांना एकच गेली तर आपल्याला काय ते मी विचारलं नाही. प्रोबेशनवरचा माणूस एका दिवसात एकच प्रश्न विचारतो, आणि माझा सकाळीच वापरून झाला होता.

उपाय मला नंतर एका व्हिडिओत सापडला, आणि तो इतका साधा होता की मला स्वतःचाच राग आला. सगळी फाइल एका फंक्शनच्या आत घालायची. आत ठेवलेलं नाव आतच राहतं, बाहेर कुणाला दिसत नाही. बाहेरच्यांसाठी एक दार ठेवायचं आणि त्या दाराला वेगळं नाव द्यायचं. थोडक्यात, भिंत घालायची. सुळगेकरांना भिंत घालणं नवीन नव्हतं. मी दोन्ही फाइलींना भिंत घातली. आत दोन्ही रवळू रवळूच राहिले, कुणाच्या नावाला शेपूट नाही, कुणी आधी आणि कुणी नंतर याला अर्थ उरला नाही. वरचं बटण वरच्या तारखा दाखवू लागलं, खालचं खालच्या, आणि कन्सोल स्वच्छ झाला.

भावकूआप्पांना मी सांगितलं की तुमचं नाव आहे तसंच ठेवलंय. ते म्हणाले, झालं तर मग, ठेवावंच लागणार. ज्योतिबाअण्णांनाही मी तेच सांगितलं आणि त्यांनीही तेच म्हटलं. दोघांचीही समजूत झाली की कापलं गेलं ते दुसऱ्याचं, आणि ती समजूत मी मोडली नाही. सरांनी त्याच दिवशी इंटरनेटवर इंग्रजीत लांबलचक पोस्ट टाकली. संघर्ष टाळणं हेच खरं नेतृत्व, असं तिच्यात होतं, आणि सोबत त्यांचा हात बांधून उभा असलेला फोटो होता.

उद्घाटनाच्या आदल्या दिवशी आम्ही साइट दाखवायला परत भटारखान्यात गेलो. दोघांनी आपापली बटणं दाबून पाहिली, एकमेकांची दाबली नाहीत. मग भावकूआप्पांनी बुकिंगचा फॉर्म वाचला, बोट ठेवून, एकेक रकाना.

"एक ऱ्हायलं," ते म्हणाले. "नाव हाय, फोन हाय, गाव हाय. समाजाचा रकाना न्हाय."

"व्हय, त्यो पायजेच," ज्योतिबाअण्णा म्हणाले.

भिंतीच्या रंगावर ज्यांचं एकमत झालं नव्हतं, ते हे बोलताना पहिल्यांदा एकमेकांकडे बघत होते. ऋग्वेद सर हंड्यांकडे बघत होते.

मी विचारलं कशासाठी. भावकूआप्पा अगदी मायेनं म्हणाले की काही नाही बाळ, नुसती माहिती, आचाऱ्याला बरं पडतं. मी म्हटलं, आचाऱ्याला पानं किती आणि शाकाहारी की मांसाहारी एवढंच लागतं, ते दोन्ही रकाने आहेत. मग ज्योतिबाअण्णांनी फोन बाजूला ठेवला.

"आमी कुणाला न्हाय म्हणत न्हाय," ते म्हणाले. "तारीख मोकळी नसती, एवढंच. आन् तोंडानं इचारलं की हल्ली मानसं फोन रेकॉर्ड करत्यात. मशीननं इचारलं म्हंजे बरं."

तारीख मोकळी नसते. हे वाक्य माझ्या घरात माझ्या जन्माआधीपासून आहे. माझी आजी बायडाबाई निपाणीत तंबाखूच्या वखारीत राबायची. माझ्या वडिलांच्या, बुद्धप्रियांच्या लग्नासाठी तिला हॉल हवा होता. सगळ्यांची लग्नं होतात तसं, छताखाली, खुर्च्यांवर. ती धुतलेलं लुगडं नेसून एका हॉलच्या मॅनेजरकडे गेली. तिनं सांगितलेली तारीख मोकळी नव्हती. पुढची नव्हती, त्याच्या पुढची नव्हती. शेवटी लग्न विहारासमोरच्या मैदानात झालं, आणि वळिवाचा वारा सुटून वरण धुळीनं भरलं. आजी हे सांगताना हसायची. 'त्या हॉलात वरीसभर रोज लगीन हुतं म्हणं,' असं म्हणायची. तिला हसू येत होतं याचं मला लहानपणी नवल वाटायचं. भटारखान्यातल्या त्या खुर्चीवर मला हसू आलं नाही.

परतताना गाडीत काकती मागे पडल्यावर सर म्हणाले, "तू मनावर घेऊ नकोस, समता. तू तशी वाटतही नाहीस."

हे त्यांनी कौतुकानं म्हटलं होतं, ते मला आजही खरं वाटतं. सरांना मी चहा घेतेस का म्हणून विचारण्याजोगी वाटते, त्यांच्या आईनं संक्रांतीला मला तिळगूळ पाठवला होता, आणि तशी वाटत नाही हे त्यांच्या मते मला द्यायचं सगळ्यात मोठं बक्षीस होतं. मी म्हटलं, सर, मी तशीच आहे. ते म्हणाले, हो हो, तसं नव्हतं म्हणायचं. मग गाडीचा एसी वाढवला आणि कामाचं बोलले: क्लायंटची रिक्वायरमेंट आहे, रकाना तेवढा घाल, उद्घाटन झालं की तुझं कन्फर्मेशन.

मी नाही म्हणू शकत होते. सोमवारी निपाणीत आईसमोर फोटो बघत बसले असते, आणि रकाना दुसऱ्या कुणीतरी पाच मिनिटांत घातला असता. रकाना घालायला तेवढाच वेळ लागतो. कायदा दाखवावा तर सरांचे वडील वकील, सरांना कायदा माहीत होता, म्हणूनच ते हंड्यांकडे बघत होते. हे सगळं मी खासबाग येईपर्यंत उलटसुलट करून पाहिलं. मग वर जाऊन रकाना घातला. 'समाज', आणि पुढं लाल चांदणी, म्हणजे भरल्याशिवाय फॉर्म पुढं जाणार नाही.

फॉर्मच्या प्रत्येक रकान्याला आतून एक नाव द्यावं लागतं. लिहिणाऱ्याला ते दिसत नाही, मशीनला दिसतं. 'पानं किती' या रकान्याचं आतलं नाव मी आधीच 'संख्या' ठेवलं होतं. समाजाच्या रकान्यालाही मी 'संख्या' हेच नाव दिलं. समाज आधी, पानं नंतर. कुणी काहीही लिहो, मागून पानांचा आकडा येणार आणि ते पुसून टाकणार. मालकांच्या यादीत दोन्ही रकाने त्या एकाच नावाला हाक मारणार आणि दोघांनाही तो आकडाच मिळणार. हे सगळं मी शुद्धीत, शांतपणे, चहा पीत केलं. कन्सोलमध्ये एकही लाल ओळ आली नाही.

उद्घाटन थाटात झालं. लॅपटॉपला हार घातला, त्याच्यासमोर नारळ फोडला, त्याचं पाणी की-बोर्डवर उडालं. दोन्ही भावांनी आपापली बटणं दाबली, तारखा बरोबर आल्या, लोकांनी टाळ्या वाजवल्या. सरांनी भाषणात तंत्रज्ञान माणसं जोडतं असं सांगितलं. माझ्या कन्फर्मेशनचं विचारलं तेव्हा म्हणाले, जरा साइट चालू दे, सेटल होऊ दे, मग बघू. मला त्याचंही नवल वाटलं नाही.

बुकिंग येऊ लागली आणि फोन वाजू लागले. समाजाच्या रकान्यात कुणाचे चारशे आले होते, कुणाचे आठशे. भावकूआप्पांनी आपल्या रवळूला विचारलं, तर तो म्हणाला धाकट्यांच्या फाइलीत घोळ आहे. ज्योतिबाअण्णांच्या रवळूनं शपथेवर सांगितलं की थोरल्यांच्या फाइलीत आहे. आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं. दोन्ही बाप आपापल्या पोरावर विश्वास ठेवून एकमेकांवर डाफरले आणि भिंतीवर काचा लावायचं बोलू लागले. ऋग्वेद सरांनी कॅश क्लिअर केली. मशीन बंद करून चालू केलं. मग फाइल उघडून बसले, आणि थोड्या वेळानं माझ्याकडे आले. चेहरा बघून मला वाटलं की सापडलं यांना, संपलं आता. पण त्यांनी सांगितलं ते वेगळंच. या साइटचं आतलं दुसऱ्या कुणाला कळत नाही, तेव्हा हा प्रॉब्लेम सुटेपर्यंत मी कुठं जायचं नाही, म्हणून मला आजपासून कायम केलंय.

मी आईला फोन करून सांगितलं. ती म्हणाली की फोटो परत देऊन येते.

परवा भावकूआप्पांचा फोन आला. आवाज पडलेला होता, भांडून भांडून दमल्यासारखा.

"मॅडम, समाजाच्या रकान्यात साडेसहाशे आलंय. ह्यो कंचा समाज म्हणायचा?"

मी म्हटलं, शोधतेय आप्पा, अवघड चूक आहे, वेळ लागेल.

"निपाणीकडचा मानूस हाय. आडनाव गावाचं, त्यावरनं काय कळंना. वैशाखातली तारीख मागतोय. मोकळी हाय तशी." मग त्यांनी विचारलं, "देऊ का नको?"

"द्या की आप्पा," मी म्हटलं. "साडेसहाशे माणसं जेवणार हायत."